सात बोटांचा कीबोर्ड

सोयाबीनच्या मळणी यंत्रात माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हा गावानं परस्पर ठरवून टाकलं की आता हिचं टायपिंग संपलं. मला कुणी विचारलं नाही. मी आजही औंढ्याला तहसीलजवळच्या टायपिंगच्या दुकानात नोकरीला आहे आणि दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करते.

ते जमतं मी शोधून काढलेल्या दोन फुकटच्या प्रोग्राममुळे. ते कॉम्प्युटरसोबत येत नाहीत, वरून टाकावे लागतात. एकानं कीबोर्ड आरशासारखा उलटतो. डाव्या अंगठ्यानं स्पेसबार दाबून धरला की उजवीकडची अक्षरं डाव्या हाताखाली येतात. दुसरा दोन अक्षरांचं अख्खं वाक्य करतो. आपल्याकडचा अर्ज म्हणजे ठरलेला साचा: महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, वगैरे. माणसाचं दुखणं मधल्या दोन ओळींत, बाकी सगळं सरकारी शेपूट. ते मी बांधून ठेवलंय. 'मव' दाबलं की पूर्ण सुरुवात उमटते. शिवाय टास्कबार डावीकडे, माउसचा बाण टपोरा. माझा कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही, हे खरं. मला त्याचा गर्वच आहे, खोटं कशाला बोलू?

जुने मालक होते तोवर कुणी चकार शब्द काढला नाही. ते थकले आणि त्यांचा पुतण्या पुण्याहून येऊन खुर्चीवर बसला. एका सोमवारी जाऊन पाहते तर माझा कॉम्प्युटर कोरा. रविवारी त्यानं सगळं उडवून टाकलं होतं.

"ताई, सगळ्या मशीन एकसारख्या पाहिजेत," तो म्हणाला. "कंपनीनं दिलं तसं वापरा."

"भाऊ, कंपनीनं धा बोटांच्या माणसासाठी केलंय. माझी सातच हायेत."

"जमत नसेल तर बघा मग."

त्या दिवशी निराधार योजनेच्या अर्जासाठी आलेल्या एका म्हातारीला माझ्यापायी तासभर ताटकळावं लागलं. "होऊ दे बाई सावकाश," ती म्हणाली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रडू नाही आलं. डोकं तापलं.

मंगळवारी पेन ड्राइव्ह घेऊन गेले आणि त्याच्यादेखत सगळं परत टाकलं.

"काहून ऐकत न्हाई तुमी?" चिडल्यावर त्याचं पुणं गळून पडलं.

"बराबर ऐकलं. पण काढणार न्हाई."

बाकावर चार गिऱ्हाइकं बसली होती, सगळे कान देऊन. आता माघार घेणं त्याला जड होतं. "मंग राजीनामा लिहून द्या," तो म्हणाला.

ही नोकरी गेली तर औंढ्यात दुसरं कुणी माझा हात पाहून मला खुर्ची देणार नव्हतं, आणि या हातानं खुरपंही नीट धरता येत नाही. तरी जीभ काही गप्प बसली नाही.

"मला जायचं न्हाई, मी कशाला लिहू? तुमाला पाहिजे, तुमीच टाइप करा. मी सही करते."

तो तावातावानं शेजारच्या कॉम्प्युटरवर बसला, कंपनीनं दिला होता तशाच. मराठी टायपिंग त्यानं कधी केलेलं नव्हतं. एका बोटानं टकटक सुरू झाली. मी बाकावरच्या पहिल्याला बोलावलं, त्याचा फेरफाराचा अर्ज केला, छापून दिला. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा. तोवर तो 'मी स्वेच्छेने' इथपर्यंत आला होता आणि त्या शब्दात रुतून बसला होता. बाकावरच्या शेवटच्या माणसानं खोकल्यात हसू दडवलं.

बऱ्याच वेळानं मान वर न करता त्यानं विचारलं, "ताई, हे 'च्छे' कसं काढायचं?"

"शोधा भाऊ," मी म्हणाले. "मला आठ महिने लागले."