डोळे उघडे ठेवून केलेली प्रार्थना

एस्तेरचे बाबा गेले आणि आमच्या घरातली संध्याकाळची प्रार्थना म्हणजे नुसती ओढाताण होऊन बसली. एस्तेर माझी एकुलती लेक, मिरजोळ्याला कंपनीत कामाला. दमून घरात पाऊल टाकते न टाकते तोच मी म्हणायची, बस गुडघ्यावर, मीट डोळे. ती बसायची, पण ओठ घट्ट. एकदा म्हणाली, "आई, तू देवाशी बोलतेस की माझी तक्रार करतेस त्याच्याकडे?" मी तिला गप्प केलं. मनात मात्र धाकधूक, की पोरीला देवापाशी आणता आणता मीच तिला दूर लोटतेय की काय.

अशातच एका सुट्टीला आम्ही दोघी ओहोटी बघून खडपात, किनाऱ्यालगतच्या खडकांत, कालवं काढायला गेलो. खडकाला चिकटलेली शिंपलीतली ही कालवं म्हणजे एस्तेरचा जीव की प्राण. बसलो फोडत, आणि भरती कधी लागली कळलंच नाही. घाईने परतताना तिचा पाय दोन खडकांच्या फटीत गेला तो तिथेच अडकला. मी ओढतेय, ती ओरडतेय. गुडघ्याचं पाणी कमरेला आलं, लाटा छातीवर आपटायला लागल्या. आसपास कोणी दिसेना. मग मी काय करावं? जन्माची सवय हो! तिचा हात सोडला, तिथेच पाण्यात हात जोडले, डोळे गच्च मिटले आणि "प्रभू येशू, माझ्या पोरीला वाचव" म्हणून टाहो फोडला.

"अगो बाय, डोळे उघड आधी!" कुणीतरी खेकसलं. बघते तर पलीकडच्या खडपावरून एक म्हातारी पाण्यातून येत होती, लुगडं वर खोचलेलं, डोक्यावर टोपली, हातात कोयती. "देवाचा नाव घे, पण पोरीला धर. मागनं धर, घट्ट!" टोपली तशीच सोडून तिने डोकं पाण्यात घातलं. मी एस्तेरला कवटाळलं आणि येणाऱ्या लाटेकडे बघत म्हणत राहिले, "येशू, धर. येशू, धर." ऐकते तर एस्तेरही तेच म्हणत होती. म्हातारीने खाली चाचपून सँडलचा पट्टा कापला आणि पाय सुटला.

किनाऱ्याला आल्यावर मी म्हटलं, "मावशी, तुमची टोपली गेली हो!" ती हसली. "समुद्राचा होता, समुद्रान नेला. तुम्ही मायलेकी आधी भरती बघायला शिका!" आणि चालायला लागली.

त्या संध्याकाळी मी बस गुडघ्यावर असं म्हटलं नाही. पुढ्यात डाळभात होता. एस्तेर ताटाकडे बघतच बोलायला लागली, "प्रभू, पाय ठणकतोय. आज मला धरलंस. मग बाबांना का नाही धरलंस?" एरवी मी तिचं तोंड दाबलं असतं. आज ऐकत राहिले. ती चिडली, रडली, साठलेलं सगळं त्याला बोलली. मला वाटलं, हीच की प्रार्थना. भात गार झाला तेव्हा कुठे ती आमेन म्हणाली.

ती म्हातारी योगायोगाने आली असं कुणी म्हणालं तर मी वाद घालत नाही. मी फक्त प्रभूचे उपकार मानते. आता आमच्याकडे प्रार्थनेला ठरलेली वेळ अशी नाही. मासळी साफ करताना होते, चहा उकळताना होते. सकाळी स्कूटर चालू करता करता एस्तेर म्हणते, "प्रभू, आज साहेबांचं डोकं थंड ठेव," आणि मी दारातून आमेन म्हणते. स्कूटर वळणाआड गेली की माझं काम संपलं. पुढचं त्याचं.