महिनाभर पुरलेली पट्टी

"वहिनी, तुमच्या सासूबाई पंधरा गोळ्यांची पट्टी महिनाभर पुरवतात. बीपीची आहे ती, रोज एक घ्यायचीय. घरी विचारा जरा," मेडिकलमधली सुवर्णा म्हणाली होती. मी सुट्टे पैसे पर्समध्ये टाकले. "आमच्या आई आहेतच काटकसरी," म्हणाले, आणि हसलेसुद्धा.

त्याला वर्ष होत आलं. आता दुपार आहे. ईराला पाजता पाजता माझाही डोळा लागतोय. कुकरची शिट्टी आपल्या घरातली की शेजारची, ते कळत नाही. तेवढ्यात ओट्याशी आई दिसतात. माझ्या सासूबाई, जाऊन आठ महिने झालेल्या. हातात सुपारीचा अडकित्ता.

"गॅस बारीक कर गं. किती जाळतेस!"

मी वळते तर तिथे गॅस नाही, बँकेची काच आहे. काचेवर आमच्या घरचा तक्ता चिकटवलेला. माझ्या नवऱ्याची, सुमेधची नोकरी गेली, पर्सनल लोनचे हप्ते थकले, तेव्हा तो मीच केला होता, रंगीत पेनांनी. कोणी काय सोडलं, किती वाचलं. सुमेध: पेट्रोल. मी: पार्लर, पाव किलो तूप. आई: सुपारी, चाळीस रुपये. पुढे त्यांच्याकडे सोडण्यासारखं काही उरलंच नाही. तरी एका महिन्यात त्यांनी बचतीच्या डब्यात एकशे दहा रुपये टाकले. पुढच्या महिन्यातही. कुठून आले, मी विचारलं नाही. महिन्याचं बक्षीस एक जिलबी असायची. टाळ्या वाजवून ती मी त्यांना भरवली.

कट्. काचेपलीकडे आई अडकित्त्याने गोळी कापतात.

"आई, अख्खी घ्या ना."

"अख्खी घेतली तर पट्टी पंधरा दिवसांत संपते की."

"लोन फिटलं, आई. तुमच्या तेराव्याला बँकेचं पत्र आलं."

"बघ! पेढे वाटलेस का?"

"तेराव्याला?"

"मग काय झालं? गोडाचं जेवण होतंच. वेगळा खर्च नाही."

त्या हसतात, तसं तोंड एका बाजूला ओढलं जातं. आता आम्ही दवाखान्यातल्या लांब बाकावर आहोत. पॅरालिसिसचा अॅटॅक आल्यावर त्यांना एक शब्द बोलता आला नव्हता. इथे मात्र बोलणं स्वच्छ आहे.

"त्या दिवशी तू पाणी प्यायला आत आलीस. मी अशीच गोळी कापत होते. तू बघितलंस."

"मला वाटलं, सुपारी कातरताय."

"सुपारी मी दिवाळीत सोडली. तक्त्यावर तूच लिहिलंस, हिरव्या पेनाने."

तेव्हा हप्ता तीन दिवसांवर होता. मी पाणी प्यायले, पेला विसळला आणि बाहेर आले.

"मी रागावले नाही हं," आई म्हणतात. "तू विचारलं असतंस तर मी खोटंच सांगितलं असतं. पण विचारलं असतंस."

ईरा रडते. मी जागी होते. कुकर शेजारचाच. ईराच्या उशीजवळ अडकित्ता पडलाय. त्यांच्या पानाच्या डब्यातला. तो डबा मी आठ महिने उघडलेला नाही. निदान मला तरी आठवत नाही. तिच्या हाताला लागेल म्हणून मी तो झटकन उचलते. दोन पात्यांच्या बेचक्यात पांढरी पूड आहे. पुसायला ओढणीचं टोक धरते, आणि तशीच बसून राहते.

तुमच्या घरी 'मला काय लागतंय?' म्हणणारं कोणी असेल, तर आज त्यांना विचारा. खोटं सांगतील. मग गोळ्यांची पट्टी हातात घ्या, आणि मोजा.