जवसाच्या तेलातली निर्यात

अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेला मुलगा घरात किती नुकसान करू शकतो, हे आमच्या नरखेडकडच्या संत्र्यांना विचारा. तो मुलगा मीच.

सत्तरचं दशक होतं. मला नागपुरात एम.ए. करायचं होतं आणि माझ्या शिक्षणाचा खर्च करणारे काकाजी म्हणत होते, पुरे झालं, आता बाग सांभाळ. मग मी त्यांना ओसरीवर गाठून व्याख्यानच दिलं. निर्यात वाढली की परकीय चलन येतं, चलनातून यंत्रं, यंत्रांतून कारखाने, कारखान्यांतून नोकऱ्या. असा देश पुढे जातो.

"अन् हे सारं आपल्या संत्र्यातून निंगते?"

"हो, काकाजी."

"मंग तं मी उगाच रस काढून पीत होतो गा!"

पण माणूस हिशेबी. फळं बाहेरदेशी पाठवणारा मुंबईचा एक व्यापारी तेव्हा नागपुरात माल बघत होता. काकाजी म्हणाले, "वीस पेट्या भर. त्यानं पास केल्या तं कर एम.ए. नाही तं तोडणीची कैची घे अन् बागेत ये."

परदेशात फळांवर मेणाची चकाकी देतात, असं मी वाचनालयातल्या मासिकात वाचलं होतं. मेण काही सापडलं नाही. घरात जवसाचं तेल मात्र डबाभर होतं. मी फडक्यानं एकेक संत्रं चोळायला बसलो.

काकू बघून म्हणाली, "काहून रे, दाराले लावतेत ते तेल. वाळलं का चिकटते."

"काकू, ही निर्यात आहे. तुला नाही कळायचं."

मग प्रत्येक संत्रं वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पेट्या ट्रकनं नागपूरला आणल्या.

व्यापाऱ्यानं पहिली पेटी उघडली. कागद निघेना. निघाला तेव्हा अक्षरं संत्र्यावर राहिली, तीही उलटी. एकावर लग्नाच्या जाहिरातीतली वधू डोकं खाली करून उभी होती. त्यानं संत्रं हुंगलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हे खायचं की खिडकीला लावायचं?"

वीसच्या वीस पेट्या परत. सोबत आलेल्या काकाजींनी एक ठेला ठरवला. सगळा माल ठेल्यावर घालून आम्ही नागपुरातल्याच जरीपटक्याच्या बाजारात नेला आणि एका फळवाल्याच्या गळ्यात मारला. त्यानं दोन संत्री उचलून निरखली, उलटी अक्षरं वर येतील अशी रास मांडली आणि लगेच ओरडायला लागला, "बाहर का माल है, बहनजी! देखो, उनकी भाषा छपी है!"

बाया तुटून पडल्या. एकीनं वास घेऊन मैत्रिणीला सांगितलं, "फॉरेनचा असाच असतो."

काकाजी कोपऱ्यावर उभे राहून हे बघत होते. त्यांच्या मिशा हलायला लागल्या. मी मान खाली घालून म्हटलं, "काकाजी, उद्यापासून बागेत येतो."

"खबरदार! उद्याच एम.ए.चा फारम भर."

मी मान वर केली. "म्हणजे माझा सिद्धांत तुम्हाला पटला?"

"पटला ना. तू बागेपासून जेवढा दूर, तेवढी बागेची प्रगती."

त्यांचं मन बदलायच्या आत मी तडक कॉलेजात जाऊन फॉर्म घेऊन आलो.