दात दिसेपर्यंत

मामा दुधनीजवळ शेतात राहतात. त्यांची कारवानी जातीची शिकारी कुत्री त्या सकाळी टेम्पोतून सोलापूरला आली, तेव्हा तिने दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. पोट ताणलेलं, जीभ बाहेर, धाप लागलेली. जनावरांच्या डॉक्टरांचा पत्ता मी दिला होता, म्हणून मामांनी मला वर्तमानपत्राच्या कचेरीतून थेट तिथेच बोलावलं.

मामांचं एकच म्हणणं होतं. आजच पोट फाडून पिल्लं काढा. मागच्या खेपेला ते थांबले होते. चार पिल्लं झाली, चारही मेलेली.

डॉक्टर तरुण होत्या, स्वतः सातव्या महिन्यात. त्यांनी कुत्रीचं पोट चाचपलं आणि विचारलं, "कधी लावली हिला?"

"जत्रेच्या दुसऱ्या दिवशी. शिवेपल्याड, कर्नाटकात. लई नामी नर हाय. तीन दिवस तितंच ठिवलीवती."

"तारीख नक्की?"

"नक्की म्हंजे? तुमाला तुमची तारीख नक्की न्हाय व्हय?"

"माझी नक्की आहे काका. तुमची सांगा."

हिशेब झाला. सदुसष्ट दिवस. कुत्रीला साधारण त्रेसष्ट लागतात.

"त्येच तर सांगतोय की," मामा म्हणाले. "दिस उलटून गेल्यात. कापा."

सोनोग्राफीचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. एक्स-रे काढायचं ठरलं. डॉक्टरांना त्या खोलीत थांबता येत नव्हतं, त्यामुळे कुत्री धरायला मामा आणि मी आत गेलो. अंगात शिशाचे जड एप्रन. डॉक्टर दाराबाहेरून सांगत होत्या, कुशीवर निजवा, मागचे पाय मागे ताणा. कुत्री उसळत होती. मामा तिच्या कानाशी कानडीत बोलत राहिले. "सुम्निरु, सुम्निरु." गप्प राहा. मशीन वाजलं तेव्हा ती गप्प होती.

पडद्यावर सहा डोकी मोजता आली. सहा कणे, पोटात वळून बसलेले.

"पिल्लाचं हाड घट्ट झाल्याशिवाय एक्स-रेत दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आधी डोकं आणि कणा, मग पायांची लांब हाडं, मग कंबर. सगळ्यांत शेवटी पंजे आणि दात." त्यांनी एका पिल्लाचा जबडा मोठा करून दाखवला. त्यात काही नव्हतं. पायही घोट्यापाशी संपत होते. पुढे नुसतं राखाडी.

"अजून आठवडा तरी हवा. आज काढली, तर श्वास घ्यायची ताकद नसेल. एकही जगणार नाही."

"मशीन चुकतंय तुमचं."

"काका, तुमचा दिवस खरा असेल, तर पिल्लांची वाढ अडलीय. मग थांबण्यात हिच्या जिवाला धोका आहे, आणि मी कापते. दिवस खरा नसेल, तर सगळं ठीक आहे. ते तुम्हीच सांगायचं. नंतर कधी सुटली होती?"

मामा खाली कुत्रीकडे बघू लागले. या भागात नराच्या मालकाला वेतातलं एक पिल्लू द्यायचा रिवाज आहे. तो शब्द होताच. शिवाय त्या नराची पिल्लं म्हणून आणखी तीन घरी मामांनी शब्द देऊन ठेवला होता. बाहेरच्या बाकापाशी कुणाची तरी बकरी ओरडत होती. कुत्री मामांच्या पायांवर हनुवटी टेकून पडली होती. डॉक्टरांनी कापायच्या तयारीने हातमोज्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि उभ्या राहिल्या.

"सुटलीवती," मामा म्हणाले. "जत्रेनंतर आठ-धा दिवसांनी. दावं चावून. दुपारभर उसाकडं हुती. घरात कुनालाबी सांगितलं न्हाय."

"कुत्रा पाहिलात?"

"वस्तीवरचा पिवळा. वळल्याली शेपटी."

"तरी पहिल्या नराची नसतीलच असं नाही. गर्भ कधी कधी उशिराही धरतो. हाडांत वय दिसतं, बाप दिसत नाही." त्यांनी हातमोजे परत कपाटात ठेवले. "पाच दिवसांनी आणा. दात दिसतील."

"आन् न्हाय दिसलं तर?"

"तर चूक माझी."

दवाखान्याच्या पायरीवर बसून मामांनी चार फोन केले. पहिला नराच्या मालकाला, कानडीत. तो लांबला. मामा उभे राहिले, पुन्हा बसले. उरलेल्या तिघांना मराठीत एकच वाक्य होतं. "पिल्लं व्हतील, पर त्या नराची असतीलच असं न्हाय, पायजे असंल तर या." तिसऱ्याने पुरतं ऐकून घेतलं नाही. मामांनी मोबाइल धोतराला पुसला आणि कुत्रीला उचलून टेम्पोत ठेवलं.

पाच दिवस त्यांनी माझा फोन उचलला नाही. सहाव्या दिवशी सकाळी ते मला न कळवता दवाखान्यात हजर झाले; डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. या वेळी कुत्रीला धरावं लागलं नाही. डॉक्टरांनी जबडा मोठा केला. त्यात पांढरे ठिपके होते, खसखशीएवढे, ओळीने. मामांनी बोट पडद्याला लावलं. डॉक्टरांनी लावू दिलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मामांचा फोन आला. मागे चिरकी कुईकुई ऐकू येत होती.

"सा हायेत. सगळी जित्ती."

कुणावर गेलीत, मी विचारलं.

"डोळं तर उगडू दे की आदी," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.