मी उठले ती भीतीने

गुरुवार, १० जुलै. सकाळचं पहिलं लेक्चर.

हजर: राज्यशास्त्राचे विभागप्रमुख सर, द्वितीय वर्ष बीएची अ तुकडी, माझ्या बाकावर सायली, वय एकोणीस, आणि मी, वय सेहेचाळीस. घाटकोपरच्या याच कॉलेजात साडेदहानंतर मी शिपाई असते. त्याआधी विद्यार्थिनी.

विषय सत्ता. शिकवता शिकवता सर थांबले. माझ्याकडे बोट केलं.

"मावशी, उठा. फळा पुसा."

उठले. पुसला. फळा कोराच होता. अर्ध्या वर्गाला हसू फुटलं. डस्टर ठेवून वळले तर सर म्हणाले, थांबा, तिथेच उभ्या राहा. मग वर्गाला म्हणाले, "बघितलंत? मी ओरडलो नाही, धमकी दिली नाही. तरी त्या उठल्या. कारणही विचारलं नाही. हुकूम योग्य वाटतो म्हणून माणूस पाळतो. ही संमती. हीच अधिसत्ता. लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मागून एक पोरगा म्हणाला, "मावशी, माझा बाक पण पुसा ना." सर हसले. त्याला गप्प केलं नाही. मला बसा म्हणायलाही विसरले. तास संपेपर्यंत मी फळ्याजवळ उभी.

सायलीने नंतर विचारलं, "काकू, तुम्ही बसला का नाहीत?" मी वही पिशवीत टाकली. उत्तर माहीत होतं.

माझी नोकरी कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी कोणाला ठेवायचं ते ठरतं सरांच्या सहीने. अंतर्गत गुण देणारेही तेच. लेक्चरला बसायची परवानगी प्राचार्यांची, पण शिफारस सरांची. साडेदहाच्या आधी तेच, नंतरही तेच. कांजूरमार्गला घरी मुलाचं शिक्षण, सासूची औषधं. सुटायचे सगळे पर्याय मी कागदावर मांडले, एकेक खोडला. एकही उरला नाही.

वडील गिरणीत होते. साहेब खात्यात आला की सगळे कामगार कसे ताठ उभे राहायचे, ते कौतुकाने सांगायचे. मीही कौतुकानेच ऐकायची.

पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये चहा देत होते. सरांनी कप घेतला आणि म्हणाले, उद्या सकाळी ब तुकडीवर या, तेच करून दाखवू, पोरांना पटकन कळतं. बाकीचे प्राध्यापक हसले. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

गेले. शेवटच्या बाकावर बसले. विषय आला. बोट आलं.

"मावशी, उठा. फळा पुसा."

उठले. बाकाजवळच उभी राहिले.

"नाही पुसणार, सर."

सर अजिबात गोंधळले नाहीत. हसतच पोरांकडे वळले. "उत्तम. हा प्रतिकार. हेही लिहून घ्या."

पेनं चालू झाली. माझा नकारसुद्धा त्यांचाच धडा झाला. तेव्हा डोकं सटकलं. आवाज शेवटच्या बाकावरून पुढपर्यंत पोचला.

"मग हे पण लिहा. त्या दिवशी अ तुकडीत मी संमतीने उठले नव्हते. भीतीने उठले होते. माझी नोकरी सरांच्या सहीवर आहे. उदाहरण चुकलंय."

सर म्हणाले, "ठीक आहे. बसा." आणि पुढचा मुद्दा सुरू केला. मी बसले. तास माझ्या तुकडीचा नव्हता, तरी शेवटपर्यंत बसले.

कंत्राट या महिन्यात संपतंय. पुढच्या कंत्राटाच्या यादीत माझं नाव आहे का, कोणी सांगत नाही. हेडक्लार्क नजर चुकवतात. सर जिन्यात भेटले की फार गोड बोलतात. त्याचीच जास्त भीती वाटते.

ठेवलं तर साडेदहाला कामावर येईन. काढलं तर दुसरीकडे काम बघेन. वर्गात मात्र साडेसातला येणार म्हणजे येणार. कामाच्या वेळेत चहा देईन, फळाही पुसेन. कोणाच्या लेक्चरचं उदाहरण म्हणून उभी राहणार नाही.

एक काम राहिलंय. माझ्या अ तुकडीच्या वह्यांत अजून ‘संमती’ असंच लिहिलेलं आहे. ते खोडायला लावायचंय. सर वर्गात असताना.