बाइंडरकाकांची कडू खळ

बाइंडरकाका गेल्यावर वाचनालयाच्या वार्षिक अंकात त्यांच्याविषयी चार ओळी लिहायचं ठरलं, आणि ग्रंथपालांच्या लक्षात आलं की आपल्याला चार ओळींपुरतंही ठाऊक नाही. माणूस मूळचा कुठला, भावंडं किती, ही कला शिकला कुणाकडे, काही म्हणता काही नाही. चौदा वर्षं दर शनिवारी दोघं एका टेबलाशी बसले, फाटक्या पुस्तकांची यादी केली, चहा प्यायले. ग्रंथपाल स्वतःहून विचारणारे नव्हते आणि काका स्वतःविषयी बोलणारे नव्हते.

खळीबद्दल मात्र काका तासभर बोलत. कसर पुस्तकाला लागते ती खळीतल्या मैद्यासाठी, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवत, पाण्यात उकळून निम्म्यावर आटवत आणि त्या काढ्यातच मैदा शिजवत. वर चार लवंगा कुटून. वाचनालयाच्या जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत शिरलं की आधी तो उग्र वास नाकात भरायचा, मग काका दिसायचे. खळ उतरवली की ते बोटाच्या टोकावर घेऊन चाखत. तोंड वाकडं झालं की खळ पास.

"आमची ही म्हणते, सगळ्या बायकांचे नवरे गोडधोड चाखतात, मला मेलं हे ध्यान मिळालं."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"म्हटलं, तुझ्या चहापेक्षा बरी लागते."

एका वर्षी काकांना मोठा ताप आला. बरे झाले, पुन्हा कामाला लागले. पण सहा महिन्यांनी मुलांच्या कपाटातली, त्यांनी नुकतीच बांधलेली बारा पुस्तकं काढली तर पुठ्ठ्यांच्या कडा कसरीनं कुरतडलेल्या. अध्यक्ष म्हणाले, "म्हाताऱ्याला नारळ द्या आता. छापखानेवाला मशीनवर बांधून देतो. शनिवारच्या बैठकीत ठरवून टाकू."

शुक्रवारी ग्रंथपाल जिन्याखाली गेले. बैठकीचं सांगायचं कसं, ते सुचेना. काकांनी खळ उतरवली, चाखली, तोंड वाकडं केलं. "झकास कडू!"

ग्रंथपालांनी पातेल्यात बोट घातलं आणि चाटलं. नुसतं पीठ.

"काका, ही अळणी आहे."

"तुम्ही पुस्तकं वाचणारे, खाणारे नव्हे. तुम्हाला काय कळतंय?"

"सांगून टाका की एकदाचं," डबा घेऊन आलेल्या काकू दारातून म्हणाल्या. "तापापासून ह्यांना चवच नाही, भाऊ. परवा आमटीत दोनदा मीठ पडलं, मुकाट्यानं जेवले. मी म्हटलं, संसार सुधारला!"

काका हसले नाहीत. पातेल्याची कड पुसत राहिले. "पाला जुना झाला असणार. जिभेनं सांगितलं असतं. आता तोंड वाकडं करायची सवय तेवढी राहिलीय." मग हळूच म्हणाले, "बैठकीत हे बोलू नका. काम जायचं तर जाईल. पण बाइंडरला खळ कळत नाही, असं व्हायला नको."

ग्रंथपाल बैठकीत मागचं इतिवृत्त वाचण्यापलीकडे कधी तोंड उघडत नसत. त्या शनिवारी उभे राहिले, कान तापले. "काम काकांकडेच असू द्या. यापुढे प्रत्येक खळ मी चाखीन. पुन्हा कसर लागली तर मला नारळ द्या."

"तुम्ही का चाखणार?"

"मला आवडते," ग्रंथपाल म्हणाले. सगळे पोट धरून हसले आणि त्या हसण्यात काम काकांकडेच राहिलं.

बारा पुस्तकं काकांनी ताज्या पाल्याच्या खळीत पुन्हा बांधली. पुढची पाच वर्षं खळीच्या दिवशी ग्रंथपाल वाचनालय उघडण्याआधी जिन्याखाली जात. ते बोट तोंडात घालत तेव्हा काका त्यांच्या तोंडाकडे असे बघत, जणू निकाल लागायचाय. तांब्याभर पाणी पिऊनही ती चव दुपारपर्यंत घशात राहायची. त्याची सवय झाली. पुढे पुढे बरंही वाटायचं.

शेवटच्या दिवशी विशेष काही झालं नाही. बुधवारची संध्याकाळ. काका पाला निवडत बसले होते आणि ग्रंथपाल निघाले होते.

"उद्या नऊच्या आत या. खळ गार झाली की गोळा होतो."

"येतो. पण कोवळा पाला काढून टाका, त्यात दम नसतो."

"आता मला शिकवा," काका मान वर न करता म्हणाले. "जाताना दार ओढून घ्या."