अकरा पायांची कुर्ली

जग फणसातून निघालं. आधी काहीच नव्हतं, नुसता एक बरका फणस होता आणि तो कुठल्याही झाडाला लागलेला नव्हता. मग तो पिकला आणि फुटला. एकेक गरा म्हणजे एकेक बेट झालं, मधला चीक म्हणजे समुद्र. त्या चिकापायी एका बेटावरचा देव दुसऱ्या बेटावर जायला निघाला की अर्ध्या वाटेत चिकटून बसायचा. मग बाकीचे देव खोबरेल तेल घेऊन त्याला सोडवायला यायचे आणि तेही चिकटायचे. असे एकूण नऊ देव होते. नऊच का, असं मी एकदा विचारलं होतं.

"तू तेव्हा नव्हतीस," ताई म्हणाली.

झालं. यापुढे वकीलसुद्धा काही बोलू शकणार नाही.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. हे जग तिनेच रचलेलं, मांडवीच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत बसून. त्याला ती 'पल्याड' म्हणायची. पल्याडला युगं होती. दुसऱ्या युगापासून पुढे मला प्रवेश होता, म्हणजे पाणी आणून दे, दगड गोळा कर, मेलेल्या राक्षसाचं काम कर, असला प्रवेश. पण खरी मजा सगळी पहिल्या युगात होऊन गेलेली. सूर्य तेव्हा आपोआप उगवत नसे, दोन देव तो आंबे उतरवायच्या झेल्याने रोज वर चढवायचे. चंद्र कच्चाच निघाला म्हणून त्याला पेंढ्यात आढी घालून ठेवला होता, आणि एक म्हातारी देवी अधूनमधून पेंढा सारून बघायची, पिवळा पडला का. ती पेंढा किती सारते त्यावर चंद्र किती दिसतो ते ठरायचं. मला हे इतकं आवडायचं की पोटात दुखायचं. आणि मी विचारायचे, मग ती म्हातारी कुठे गेली? मग झेला कुणी मोडला? तर काय, मी नव्हते!

पाच वर्षांची असताना मीही पल्याडला एक देव दिला. सरळ चालणारी कुर्ली. सगळे खेकडे तिरके चालतात, माझी कुर्ली सरळ चालायची, म्हणून ती सगळ्यांवर आपटायची आणि सगळे तिला घाबरायचे. मी तिचं पाटीवर चित्र काढलं. पाय मोजता येत नव्हते, जागा उरेल तिथे काढत गेले, अकरा झाले. ताईने पाटी हातात घेऊन बराच वेळ बघितली. मग म्हणाली, "चालेल. तिसऱ्या युगात. दारावर उभी राहील."

दारावर! माझा देव आणि वॉचमन!

हे सगळं मी विसरले असते. त्रेपन्न वर्षांची बाई आहे मी, नोकरी आहे, नवरा आहे, मालगुंडच्या पुढे साठ कलमांची बाग आहे, दर सुट्टीला तिथे काहीतरी मोडलेलं असतं. पण ताई पुण्याला निवृत्त झाली आणि तिला वेळ मिळाला. निवृत्त माणसाला वेळ आणि मोबाईल एकदम मिळाला की घरच्यांचं काही खरं नसतं. तिने घरच्या ग्रुपवर, नातीसाठी म्हणून, पल्याडचा इतिहास टाकायला सुरुवात केली. रोज सकाळी एक भाग. पोरंटोरं तर सोडाच, माझा नवरासुद्धा चहा गार करून वाचत बसायचा.

पहिल्या युगाचा शेवट कसा झाला ते ताईने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तो एका सकाळी आला. लिहिलं होतं, की नऊ देव सुखात होते, आणि मग एके दिवशी तीन चाकांच्या फटफटणाऱ्या रथातून 'भोकाड' नावाचा राक्षस आला. त्याला दात नव्हते. त्याच्या अंगात पिवळं झबलं होतं. तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्री ओरडला. देवांनी कानात बोटं घातली, त्यासाठी हातातला झेला सोडला, सूर्य खाली पडला, आणि युग संपलं.

मी दोनदा वाचलं. मला सिव्हिल हॉस्पिटलातून रिक्षाने घरी आणलं होतं. पिवळ्या झबल्यातला माझा फोटो अजून आमच्या कपाटात आहे.

फोन लावला. "हा भोकाड कोण गो?"

"राक्षस आहे."

"झबलं घालणारा?"

"राक्षसांनी काय घालावं ते आता तू ठरवणार?"

"आणि माझी कुर्ली कुठे आहे?"

"येईल तिसऱ्या युगात. धीर धर."

"पन्नास वर्षं धरलाय! पहिल्या युगात घाल तिला. एका ओळीत घाल. कोपऱ्यात घाल."

"कशी घालू? तेव्हा तू नव्हतीस."

माझं डोकंच फिरलं. हसा तुम्ही. पण मला आयुष्यात ताईकडून ना दागिना हवा होता ना जमीन. तिने एकदाच, एकदाच तोंडाने म्हणावं की पहिल्यापासून तूही होतीस, एवढंच हवं होतं. आणि ही बया मला प्रलय करून मोकळी झाली.

आता आमच्याकडे हल्ली काय झालंय, सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या माळावर, कातळात कोरलेली चित्रं सापडतात. हत्ती, मासे, माणसं, काही न कळणारे चौकोन. लांबलांबचे लोक बघायला येतात. कुणी कोरली, कधी कोरली, विचारलं की उत्तर एकच, फार पूर्वी. बसल्या जागी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फार पूर्वी! म्हणजे फणसाच्याही आधी. खऱ्या चित्रांच्या वाटेला मी गेले नाही, तेवढी अक्कल आहे मला. पण आमच्या बागेच्या वरच्या अंगाला आमच्याच मालकीचा सपाट कातळ आहे, त्यावर आजवर कावळ्यांशिवाय कुणी बसलेलं नाही. मोहोर बघायला जाते असं घरी सांगून मी छिन्नी-हातोडा पिशवीत घातला आणि निघाले.

खाणीतला जांभ्याचा चिरा मऊ असतो म्हणून मी गाफील होते. वरचा कातळ काही ऐकत नाही. छिन्नी तीनदा पायावर पडली. पहिल्या रविवारी दोन पाय झाले, कुर्लीचे. दुसऱ्या रविवारी माझी मान धरली. तिसऱ्या रविवारी ती पुरी झाली, माझ्या दोन हातांएवढी रुंद, अकरा पायांची, डोळे पुढे, सरळ चाललेली. मी तिच्यावर शेणकाला सारवला, ताक ओतलं, माती चोळली आणि लांब उभी राहून बघितलं. अगदी पुरातन दिसत होती. मे महिन्यात ताई आंबे खायला येणार होती. तिला इथे आणायचं, बोट दाखवायचं आणि म्हणायचं, आता बोल!

चौथ्या रविवारी मी गेले तर कुर्लीच्या कपाळावर कुंकू.

बागेच्या खाली वाडीत एक काकी राहतात. सत्तरीच्या आहेत, शेळ्या घेऊन वर येतात, आमच्या बागेवर नजर ठेवतात आणि आमच्यावरही. कुंकू, हळद, फोडलेला नारळ, वर लाल फडकं, सगळी तयारी झालेली आणि काकी पदर खोचून उभ्या. बरोबर वाडीतल्या आणखी चारजणी.

"बरी आलीस बाय," काकी म्हणाल्या. "गाऱ्हाणं घालतंय. पुरुषांची वाट बघत बसलं तर देव कंटाळून जायचा. हात जोड."

मी हात जोडले. दुसरं काय करणार होते?

"बा म्हाराजा," काकींनी सूर लावला, "इतकी वर्षं तू हितं व्हतास आन् आमाला ठावं नव्हतं. रागावू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चारजणी म्हणाल्या.

"विहिरीचं पाणी पावसापर्यंत पुरू दे. तो मेला बिबट्या माझ्या शेळ्यांकडं बघतो, त्याचं डोळं दुसरीकडं फिरव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीही म्हणाले. आवाज माझाच सगळ्यांत मोठा होता. गेल्याच रविवारी मीच जिला जन्म दिला तिच्यासमोर मी डोळे मिटून उभी होते, आणि लाज वाटायच्या ऐवजी मला आतून उकळ्या फुटत होत्या. ताई, बघ म्हटलं. तुझ्या नऊ देवांना कुणी एक तरी नारळ फोडलाय?

पण बाकीच्या जणी गेल्यावर मला राहवेना. बिबट्याचा प्रश्न होता, उगाच जबाबदारी नको. म्हटलं, "काकी, खरं सांगते, हे मी कोरलंय. परवा-परवा."

काकींनी माझ्याकडे बघितलं, अगदी शांतपणे. "मग? देवळातला काय आभाळातनं पडला? त्यालाबी कुणीतरी कोरलानच ना? तुझ्याकडनं करून घेतलान त्यानं." आणि शेळ्या हाकत खाली गेल्या. म्हणजे माझ्या कुर्लीचं श्रेयही मला मिळेना.

मे महिन्यात ताई आली. पहिल्या दिवशी आंबे, दुसऱ्या दिवशी पुन्हा आंबे, तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मी तिला वर घेऊन गेले. कुंकू बघून तिने चपला काढल्या आणि नमस्कार केला. मी ओठ चावून धरले होते. मग तिने चष्मा लावला, वाकली, आणि बोटाने मोजायला लागली. एक, दोन, तीन.

"अकरा," ती म्हणाली.

"फार पूर्वीची आहे," मी म्हणाले. "तुझ्या फणसाच्याही आधीची. आता बोल!"

ती हसेल, चिडेल, मला खुळी म्हणेल, यातल्या प्रत्येकावर माझं उत्तर तयार होतं. ती कातळावर खाली बसली.

"तुला तिथेही यायचंच होतं ना गो?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पहिलं युग नव्हतंच. तू यायच्या आधी मी काही रचलं नव्हतं, मला कशाला लागत होतं? तू घरी आलीस त्या आठवड्यात रचलं मी ते. घर माणसांनी भरलेलं, सगळ्यांची तोंडं पाळण्याकडे. माझी गोधडी तुझ्या अंगाखाली. आईच्या कुशीतली जागा तुझी. मी हाक मारली की सगळे म्हणायचे, हळू, ती उठेल. मग मी पडवीत जाऊन बसले आणि तू नसशील अशी एक जागा केली. एकच गो. बाकी सगळं तुला दिलं ना मी? आणि तू बोलायला लागल्यापासून तिथेच यायचं म्हणून हट्ट धरून बसलीस."

साठ वर्षांची माझी बहीण रडायला लागली. आवाज न करता, नाक पदराने पुसत. मला शरम वाटली. नुसती शरम नाही, त्या पडवीत बसलेल्या सात वर्षांच्या मुलीची मला इतकी माया आली की तिला कुठून उचलून घ्यावं तेच कळेना. मी ताईच्या शेजारी बसले.

तेवढ्यात काकी फुलं घेऊन वर आल्या. ताईला रडताना बघून जागच्या जागी थबकल्या.

"रडू दे तिला," त्या मला हळूच म्हणाल्या. "जागृत हाय."

ताई रडता रडता फस्सकन हसली आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की काकींनी रागाने फुलं आमच्यावरच फेकली.

दुपारी मांडवीला परत आलो, जेवलो, चहा झाला. ग्रुपवर ताईच्या नातीचा मेसेज आला होता, माझ्यासाठी. 'धाकटी आजी, पहिल्या युगात तू कुठल्या बेटावर होतीस?'

ताईनेही तो वाचला. ती माझ्याकडे बघत होती. आता मला सगळं माहीत होतं. पहिलं युग रचलं गेलं तेव्हा मी त्याच घरात होते, भिंतीपलीकडे, पाळण्यात. मी नसते तर ते युगच नसतं. जन्मभर ज्यासाठी भांडले ते माझ्या हातात आलं होतं आणि ताईने स्वतःच्या तोंडाने दिलं होतं. एक ओळ टाकायची बाकी होती.

मी लिहिलं, 'कुठल्याच नाही गो. पहिलं युग तुझ्या आजीचं एकटीचं. मी तेव्हा जन्मलेच नव्हते.'

ताईने ते वाचलं. मग चष्मा काढला.

"खोटारडी," ती म्हणाली आणि माझा हात धरून बसली.